लिनक्सचे प्रशासन : अधिकार-विभागणीचा प्राथमिक परिचय

प्रस्तावना :
अंतर्गत गुण, हजेरी, प्रकल्प-अहवाल अशी विभागाची बरीचशी माहिती आज एकाच संगणकावर साठविली जाते आणि त्याची देखभाल पुष्कळदा एखाद्या प्राध्यापकाकडेच येते. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. १९९२ मध्ये तो जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली आला. त्यामुळे तो कोणालाही वापरता, अभ्यासता व बदलता येतो. या मुक्त प्रणालीच्या प्रशासनाचा पाया म्हणजे अधिकारांची विभागणी. प्रस्तुत लेखात तिचाच विचार केला आहे.

रूट आणि सामान्य वापरकर्ता :
लिनक्स प्रत्येक वापरकर्त्यास क्रमांकाने ओळखते. ० क्रमांकाचा वापरकर्ता म्हणजे ‘रूट’. फाइलींवरील परवानग्या त्याला सहसा अडवीत नाहीत. त्याने चुकून दिलेली पुसण्याची आज्ञाही प्रणाली निमूटपणे पाळते. म्हणून नित्याचे काम सामान्य खात्यातून करावे आणि आवश्यक तेवढीच आज्ञा ‘सुडो’च्या साहाय्याने रूटच्या अधिकारात चालवावी. सुडोने चालविलेल्या आज्ञांची सर्वसाधारणपणे नोंद राहते, हा आणखी एक लाभ.

परवानग्यांचे गणित :
प्रत्येक फाइलीसाठी मालक, गट व इतर अशा तीन वर्गांना स्वतंत्र परवानग्या असतात. वाचनासाठी ४, लेखनासाठी २ व चालविण्यासाठी १ असे अंक असून त्यांची बेरीज मांडली जाते. ६४० म्हणजे मालकाला वाचन व लेखन, गटाला केवळ वाचन आणि इतरांना काहीही नाही. ७७७ म्हणजे सर्वांना सर्व काही. फोल्डरच्या बाबतीत ‘चालविणे’ याचा अर्थ आत प्रवेश करणे असा होतो.

या विभागणीचे उत्तम उदाहरण प्रणालीतच आढळते. वापरकर्त्यांची नावे व क्रमांक असलेली ‘पासवर्ड’ नावाची फाइल सर्वांना वाचता येते, कारण अनेक प्रोग्रॅमना तिची गरज असते. प्रत्यक्ष पासवर्डांची सांकेतिक रूपे मात्र ‘शॅडो’ नावाच्या वेगळ्या फाइलीत असतात व ती सामान्य वापरकर्त्यास उघडता येत नाही.

एक अनुभव :
प्रस्तुत लेखकाने हे गणित चुकीतून शिकले. सहकाऱ्यास अंतर्गत गुणांची फाइल उघडता येईना, म्हणून घाईने संपूर्ण फोल्डरला व त्यातील फाइलींना ७७७ परवानगी दिली. अडचण तत्काळ दूर झाली. दोन आठवड्यांनी एक विद्यार्थी येऊन म्हणाला, “सर, आमच्या खात्यातून सगळ्यांचे गुण दिसतात आणि बदलताही येतात.” त्याच्या प्रामाणिकपणामुळेच हे उघडकीस आले. त्यानंतर प्रत्येक गुण मूळ कागदी गुणपत्रकाशी ताडून पाहावा लागला. सुदैवाने तफावत आढळली नाही.

वस्तुतः उपाय सोपा होता. दोघा शिक्षकांचा एक गट करून फोल्डर व फाइल त्या गटाकडे सोपवावयाची आणि फोल्डरला ७५० व फाइलीला ६४० परवानगी द्यावयाची. सहकाऱ्यास गुण केवळ वाचावयाचे होते. तेवढाच अधिकार पुरेसा होता.

समारोप :
लिनक्सच्या आज्ञा सरावाने पाठ होतात. परंतु परवानगी देण्यापूर्वी ‘कोणाला, कशासाठी आणि किती?’ हा प्रश्न विचारण्याची सवय जाणीवपूर्वक लावून घ्यावी लागते. विद्यार्थ्यांचे गुण ज्याच्या स्वाधीन आहेत, त्या शिक्षकाने प्रशासनाचा अभ्यास येथूनच सुरू करणे इष्ट ठरेल.