रोबोट म्हणजे वेठ : एका स्पर्धेची ओळख

‘सर, पोरगा सुटीत घरी येते अन् मोडक्या खेळण्यातली मोटर काढून नेते. हे अभ्यासातच येते का?’ गेल्या पालकसभेत एका मातेने विचारलेल्या या प्रश्नाला आम्ही तेव्हा घाईत उत्तर दिले. ते अपुरे होते. स्मरणिकेच्या निमित्ताने ते पूर्ण करीत आहोत.

प्रथम शब्दाविषयी. ‘रोबोट’ हा शब्द कारखान्यातून आलेला नाही, तो रंगभूमीवरून आला. चेक नाटककार कारेल चापेक यांनी १९२० साली लिहिलेल्या नाटकात तो पहिल्यांदा योजला गेला. सुचविला होता त्यांचे बंधू योसेफ यांनी. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने करावी लागणारी मजुरी, आपल्या भाषेत वेठ. हा अर्थ वाचून इतिहासाचा विद्यार्थी थबकल्यावाचून राहत नाही. वेठ म्हणजे काय, हे आपल्या आजे-पणज्यांना शब्दकोशातून शिकावे लागले नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, ते याच जोखडाविरुद्ध. ज्यांच्या पूर्वजांनी वेठ वाहिली, त्यांची नातवंडे आता वेठ वाहणारे यंत्र स्वतः घडवू पाहत आहेत.

आता स्पर्धेविषयी. अमेरिकन संशोधक डीन केमन यांनी १९८९ साली ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली. खेळाडूंना मिळणारा टाळ्यांचा गजर विज्ञान शिकणाऱ्या मुलांनाही मिळावा, ही त्यामागील कल्पना. पुढे लेगो या खेळणी बनविणाऱ्या कंपनीच्या साहाय्याने शालेय मुलांसाठी ‘फर्स्ट लेगो लीग’ सुरू झाली. भारतातही तिच्या प्रादेशिक फेऱ्या होतात आणि त्यांतून निवडलेले संघ राष्ट्रीय फेरीत जातात. महाविद्यालयीन पातळीवरील ‘रोबोकॉन’ ही स्पर्धा वेगळी. तिची २००८ सालची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात झाली होती आणि विषय होता गोविंदा, म्हणजे आपली दहीहंडी! नाना देशांची यंत्रे लोणी काढण्यासाठी झटत होती.

शालेय स्पर्धेत एका संघात जास्तीत जास्त दहा मुले असतात. सुमारे आठ फूट लांब व चार फूट रुंद टेबलावर निरनिराळी कामे मांडलेली असतात : काही ढकलायचे, काही उचलायचे, काही ठरल्या जागी नेऊन ठेवायचे. वेळ अडीच मिनिटे. हातात दूरनियंत्रक नसतो. मुलांनी आधी लिहून ठेवलेल्या सूचनांप्रमाणे यंत्राने स्वतःच चालायचे असते.

खरे शिक्षण येथेच आहे. चाकाचा व्यास ५.६ सेंटिमीटर असेल तर एका फेऱ्यात यंत्र सुमारे १७.६ सेंटिमीटर पुढे जाते. ८८ सेंटिमीटर जायचे तर पाच फेरे. सातवीच्या गणितातील परीघ तो हाच. पण कागदावरचे पाच फेरे टेबलावर पाच राहत नाहीत. चाक किंचित घसरते, धूळ आड येते, निघतानाच यंत्र केसभर तिरके ठेवले गेलेले असते, आणि शेवटी ते चार बोटे बाजूला जाऊन थांबते. मग मुले प्रकाश ओळखणारा संवेदक जोडतात. काळी रेघ प्रकाश कमी परत पाठविते, पांढरी जागा अधिक. त्या फरकावरून यंत्र आपली वाट सावरते. चूक कोठे झाली हे शोधायचे, एकच गोष्ट बदलायची, पुन्हा चालवून पाहायचे. ‘या आणि पाहा’ म्हणणाऱ्या धम्माच्या शाळेत ही पद्धत परकी वाटू नये.

यंत्राच्या खेळाखेरीज त्याची रचना, संघातील परस्परांचे वर्तन आणि एक संशोधन प्रकल्प यांनाही गुण असतात. त्या वर्षीच्या विषयाला धरून एखादी खरी अडचण निवडायची, जाणकारांना भेटायचे आणि उपाय मांडायचा. अडचणी शोधायला आपल्या मुलांना दूर जावे लागणार नाही. आपल्या शेजारच्या जवाहरनगर आयुध निर्माणीत जानेवारी २०२५ मध्ये स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. धोक्याच्या ठिकाणी माणसाने उभे राहावे की यंत्राने, हा प्रश्न आपल्या गावांच्या वेशीवर उभा आहे.

त्याहून जुना प्रश्न गटाराचा. कोझिकोड येथे २०१५ साली मॅनहोलमध्ये उतरलेले दोन कामगार गुदमरले आणि त्यांना वाचवायला धावलेला रिक्षाचालकही गेला. त्यानंतर केरळातील काही तरुण अभियंत्यांनी ‘बॅंडिकूट’ नावाचा रोबोट तयार केला. तो मॅनहोलमध्ये उतरून गाळ उपसतो आणि माणूस वर उभा राहून पडद्यावर पाहत त्याला चालवितो. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा २०१३ चा. कायदा असूनही माणसे उतरविली जातात, कारण या देशात काही माणसांचा जीव यंत्रापेक्षा स्वस्त धरला जातो. हे आम्ही संतापानेच लिहीत आहोत.

यंत्र आले की हाताचे काम जाईल, अशी भीती काही पालक बोलून दाखवितात. ती पोकळ नाही. हार्व्हेस्टर आल्यापासून धानकापणीच्या मजुरीचे काय झाले, हे आपण पाहिले आहे. बाबासाहेबांनी १९४५ सालच्या काँग्रेस व गांधीजींवरील आपल्या ग्रंथात या प्रश्नाला सरळ हात घातला. दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, आणि राबणाऱ्या माणसाला फुरसत व संस्कृती मिळायची तर यंत्र हवेच, असा त्यांचा विचार. १९४२ साली व्हाइसरॉयांना दिलेल्या निवेदनातही अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी त्यांनी साहाय्य मागितले होते.

राहिला पैशाचा प्रश्न. एका संचाची किंमत शेतमजुराच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीएवढी होते. प्रवेशशुल्क व प्रवास वेगळाच. केंद्र शासनाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवड झालेल्या शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते, परंतु निवड होईपर्यंत हात बांधून बसायचे नाही, असे आम्ही ठरविले आहे. शहापुरातच अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आपले काही माजी विद्यार्थी कारखान्यांत व वर्कशॉपमध्ये आहेत. त्यांनी रविवारचे दोन तास दिले तर संचाएवढेच मोल होईल. जुन्या मोटरी, बॅटऱ्या, बिघडलेले प्रिंटरही चालतील.

स्पर्धेच्या टेबलाचे माप बाजारातील प्लायवूडच्या एका अखंड पाटीएवढेच असते, ही गोष्ट मुलांनीच शोधून काढली. पाटी आणून भोजनगृहाच्या कोपऱ्यात ठेवली आहे. कडेच्या पट्ट्या ठोकायच्या आहेत. सुतारकाम जाणणाऱ्या पालकांनी हातोडा घेऊन यावे.