भाऊसाहेबांची जोडी

माघातल्या एका सकाळी टाक्याचं पाणी बदलायला गच्चीवर गेले, तर तळाशी चार पांढरी अंडी. लांबट, खारकेएवढी. पाचवं फुटलं होतं आणि भाऊसाहेब त्याच्यावर ताव मारत होते. सहा वर्षं ज्या कासवाला आम्ही भाऊसाहेब म्हणत आलो, ती बाई निघाली.

नाव मुलीनं ठेवलेलं. विटेवर चढून, मान ताणून, मागचे पाय हवेत पसरून उन्हाला पडायची ती ऐट बघून तिला तलाठी भाऊसाहेब आठवले होते. अंडी पाहून ती म्हणाली, "आता हिला नवरा आणायला पाहिजे." सासूबाईंनी लगेच दुजोरा दिला. त्यांच्या लेखी कासव म्हणजे देवापुढं बसलेलं. जेजुरीच्या पितळी कासवावर त्यांनी लग्नानंतर भंडारा उधळलेला. एक असलं तर चांगलंच, दोन असली तर दुधात साखर. मला आधी बादल्या आठवल्या.

आमचं टाकं म्हणजे प्लास्टिकच्या काळ्या टाकीचा वरचा भाग कापून केलेलं. त्यात सोळा बादल्या पाणी. हे जनावर पाण्यातच खातं, पाण्यातच घाण करतं. तिसऱ्या दिवशी पाणी हिरवट होतं, चौथ्या दिवशी वास येतो. म्हणून आठवड्यातून दोनदा नळी लावून पाणी ओढायचं, तळाचा गाळ खराट्यानं खरवडायचा, पुन्हा सोळा बादल्या भरायच्या. काढलेलं पाणी जास्वंदीला आणि नारळाला जातं, एवढंच समाधान. खटाव-माणात वाढलेल्या माणसाला पाणी मोजायची खोड असतेच. दोन कासवं म्हणजे नुसत्या दुप्पट बादल्या नव्हेत, टाकंही दुप्पट लागणार. त्यात वैशाखात गोणपाट ओलं करून सावली धरायची आणि सकाळचं कोवळं ऊन मात्र चुकू द्यायचं नाही. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन कामाचं नाही. पाठ टणक व्हायला लागणारे अतिनील किरण काच अडवते. पहिल्या वर्षी आम्ही तिला हॉलमध्ये काचेच्या पेटीत ठेवलं होतं, तेव्हा पाठ बोटानं दाबली तर दबायची. पुढं समुद्रफेन आणि गच्ची, या दोन गोष्टींनी ती सावरली. हे सगळं झाल्यावर हात साबणानं धुवायचे. तिच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. लहान मुलं ही पिल्लं तोंडात घालतात म्हणून अमेरिकेनं 1975 सालीच चार इंचांच्या आतल्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

आमची तर दुकानातून आणली तेव्हा पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा जराशीच मोठी होती. "एवढंच राहतं, वाढत नाही," असं विकणाऱ्यानं सांगितलेलं. आज पाठीची लांबी नऊ इंच.

नवऱ्याचा प्रश्न मी मुलीसोबत बसून सोडवला. पहिली गोष्ट, अंडी घालायला नर लागत नाही. कोंबडीचं जसं, तसंच. अंडी येतात, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. दुसरी, या जातीचा नर मादीपेक्षा लहान, पण पुढच्या पायांची नखं लांबलचक. मादीसमोर पोहत येऊन तिच्या तोंडापुढं तो ती नखं थरथरवतो. नदीत तिला नको असेल तर ती निघून जाते. टाक्यात जाणार कुठं? तो मागंच लागतो, शेपटीला आणि पायांना चावे घेतो. तिसरी गोष्ट ऐकून मुलगी हसली. यांचं नर-मादी होणं अंड्याला मिळालेल्या उबेवर ठरतं, गारव्यात नर आणि उष्म्यात मादी. पण नाण्याएवढ्या पिल्लाकडं बघून ते काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणजे नवरा म्हणून आणायचा आणि सहा वर्षांनी कळायचं, हाही भाऊसाहेबच.

"मग मैत्रीण आण," मुलगी म्हणाली. मी तिला टाक्याजवळ नेलं. आम्ही आठ दिवस बघितलं, दोघीजणी, वहीत वेळ लिहून. भाऊसाहेब सकाळी विटेवर येतात, दुपारी बुडी मारतात, माणसाची चाहूल लागली की काठाशी येऊन पाय मारतात. हे प्रेम नव्हे, खाण्याचा डबा ओळखलेला असतो. एकटेपणाची म्हणावी अशी एकही नोंद वहीत आली नाही. मात्र टाक्याच्या एकाच कोपऱ्यात ती मागच्या पायांनी प्लास्टिक खरवडत राहायची, अर्धा-अर्धा तास. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

वैशाखात शेजारच्या मळ्यात विहिरीचा गाळ काढायचं काम चाललं होतं. संध्याकाळी एकजण घमेलं घेऊन दारात. "बाई, तुमच्याकडं एक हायेच की. ही घ्या जोडी."

घमेल्यात चिखलाचा गोळा. पाणी ओतल्यावर कासव दिसलं. पाठ गुळगुळीत, शेवाळी रंगाची, खवल्यांचा मागमूस नाही, कडेला कातडं मऊ. उलटं केलं तर मागच्या पायांवर कातडीच्या दोन झडपा गच्च मिटलेल्या. बऱ्याच वेळानं पुढून लांब मान आली आणि तिच्या टोकाला बारीक नळीसारखं नाक. हे आपल्याकडच्या नद्या-तळ्यांतलं मऊ पाठीचं कासव. येरळा आटली की ते चिखलात स्वतःला गाडून घेतं आणि पावसाची वाट बघत महिनोन् महिने पडून राहतं. ही नदी मोळच्या बाजूला उगम पावून वडूजवरून खाली ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. जिहे-कठापूर योजनेचं पाणी येण्याआधी तिच्या पात्रात उन्हाळ्यात पोरं क्रिकेट खेळायची. त्या चिखलात हे जनावर टिकून राहिलं. आमच्या भाऊसाहेबांच्या डोळ्यामागची लाल पट्टी मिसिसिपीच्या खोऱ्यातली, आणि हे घरचं.

सासूबाईंनी हळदीकुंकवाची कुयरी आणलीही. मी म्हटलं, हे ठेवता येणार नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे कासव पहिल्या सूचीत आहे. घरात ठेवणं म्हणजे किमान तीन वर्षांची कैद ओढवून घेणं. घमेलं आणणारा चमकला. "आणि तुमचं ते चालतं व्हय?"

चालतं. परदेशी असल्यानं ते त्या सूचीत नाही, दुकानात उघड मिळतं. पण त्याला सोडता येत नाही. येरळवाडीच्या तलावात नेऊन टाकलं तर भाऊसाहेब मजेत जगतील, आणि या मऊ पाठीच्याचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावतील. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक जातींच्या यादीत लाल पट्टीचं हे कासव आहे. युरोपनं 1997 मध्ये त्याची आयात थांबवली ती लोकांनी कंटाळून तळ्यांत सोडल्यामुळं. म्हणजे नदीचं ते घरात ठेवायला बंदी, आणि घरातलं ते नदीत सोडलं तर पाप. दोन्ही कासवं डोळ्यांपुढं होती, आणि मला एकाचाही हेवा वाटेना.

वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन केला. दुसऱ्या दिवशी माणूस आला, घमेल्यावर ओलं पोतं टाकून कासव घेऊन गेला. रात्रभर ते आमच्या न्हाणीघरात होतं. भाऊसाहेबांच्या टाक्यात एक रात्रसुद्धा टाकलं नाही; एकाचा रोग दुसऱ्याला लागला तर नदीत काय जाईल, कोण जाणे.

त्या रात्री जेवताना वयांचा हिशेब निघाला. सासूबाई अठ्ठ्याहत्तर, मी सत्तेचाळीस, मुलगी बारा. भाऊसाहेब अजून वीस-पंचवीस वर्षं सहज काढतील. आज पिल्लू आणलं तर ते तीस. मुलगी शिकायला पुण्याला जाणार, पुढं कुठं ते तिलाच ठाऊक. सासूबाई म्हणाल्या, "सातबाऱ्यावर चढवायचं का मग यास्नी? वाटणीला कुणाच्या जायचं?" जोडीचा विषय त्यांनीच मिटवला, मला काही बोलावं लागलं नाही.

दुसऱ्या कासवाऐवजी आणली ती वाळू. बांधकामावरून उरलेली दोन घमेली, तीही ओळखीनं. आमच्याकडं वाळूला कासवापेक्षा भाव जास्त. टाक्याला फळीचा उतार लावून वर ती एका रुंद ट्रेमध्ये टाकली, कारण ते कोपरा खरवडणं म्हणजे काय हे आता उमगलं होतं. अंडी घालायला कोरडी जागा सापडली नाही तर मादी ती पोटात अडवून धरते, आणि त्यात मरूही शकते. माघातली अंडी पाण्यात पडली ती नाइलाजानं.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला, वळीव होऊन गेल्यावर, ती चढली. आधी वाळू हुंगली, मग पाठ फिरवून मागच्या पायांनी उकरायला लागली. एक पाय, मग दुसरा, ओंजळीनं माती उपसावी तशी. वाळू ढासळायला लागली तेव्हा तिनं पोटातलं पाणी सोडून ती भिजवली. सुरईसारखा खड्डा झाला. आम्ही तिघी जिन्याच्या दाराआडून बघत होतो, मुलीच्या हातात वही. सात अंडी. प्रत्येक अंडं पडल्यावर मागचा पाय आत घालून ती ते सरकवायची. खड्डा बुजवून, वरून पोटानं दाबून, मागं एकदाही न बघता ती उतारावरून पाण्यात घसरली.

"रिकामीच हायेत ना गं ती?" सासूबाईंनी विचारलं. हो म्हटलं. "असू देत आजच्या दिवस," त्या म्हणाल्या, आणि ट्रेवर गोणपाट ओढून खाली गेल्या.