खुलें खेळयंत्र आणि सामान्य गिऱ्हाईक

मुलाच्या वाढदिवसासाठीं हातांत मावणारें एखादें खेळयंत्र घ्यावयाचें, असें घरीं ठरतें. चौकशी करूं लागल्यावर दोन प्रकारचा माल समोर येतो. पहिल्या प्रकारांत यंत्र नामांकित कंपनीचें असतें, त्याचे खेळहि तिच्याच संमतीनें विकले जातात आणि प्रत्येक खेळासाठीं वेगळे पैसे मोजावे लागतात. दुसऱ्या प्रकारचें यंत्र पुष्कळदां त्याहून फार स्वस्त असतें, आणि त्याच्या जाहिरातींत ‘ओपन सोर्स’, म्हणजे मुक्तस्रोत, हे शब्द ठळकपणें छापलेले असतात. घरांतील वडील माणसाला त्या शब्दांचा अर्थ नीटसा ठाऊक नसतो. परंतु ‘मुक्त’ म्हटलें कीं कांहीं तरी फुकट मिळणार, एवढें त्याच्या मनांत येऊन जातें. चार दिवसांनीं यंत्र घरीं येतें, आणि तें सुरू करण्यासाठीं शेजारच्या इंजिनियरिंग कॉलेजांतील मुलाला हांक मारावी लागते, तेव्हां त्या शब्दाची खरी ओळख पटूं लागते.

मुक्तस्रोत ही संज्ञा १९९८ सालापासून प्रचारांत आली. तिचा अर्थ ‘फुकट’ असा नव्हे. संगणकाला द्यावयाच्या आज्ञा मनुष्य ज्या रूपांत लिहितो, तें मूळ लिखाण कोणालाहि वाचण्यास, त्यांत बदल करण्यास, आणि बदललेलें लिखाण दुसऱ्यास देण्यास मोकळीक असणें, हा तिचा आशय होय. फिन्लंडमधील लायनस टोरवाल्ड्झ ह्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं सुरू केलेली लिनक्स ही प्रणाली ह्या पद्धतीचें सर्वांत ठळक उदाहरण. आणि बहुतेक खुलीं खेळयंत्रें ह्याच लिनक्सच्या आधारानें चालतात. ह्याच्या अगदीं उलट रीत निन्टेंडो ह्या जपानी कंपनीनें १९८९ सालीं काढलेल्या गेम बॉय यंत्राची होती. त्यांत खेळाची डबी बसवून कळ दाबली, कीं यंत्र प्रथम त्या डबींत कंपनीची मुद्रा नोंदलेली आहे काय, हें स्वतःजवळच्या मुद्रेशीं ताडून पाही. मुद्रा जुळली नाहीं तर खेळ सुरूच होत नसे. देवडीवर पहारेकरी बसविण्यासारखाच हा प्रकार. गिऱ्हाइकास हा पहारा जाचक वाटण्यासारखा आहे खरा. परंतु पहारा ठेवणारावर कांहीं जबाबदारीहि येते. आंत सोडलेला खेळ त्या यंत्रावर चालेल कीं नाहीं, ही चिंता विकणारानें आधींच वाहिलेली असते.

खुल्या यंत्रांत ही चिंता नाहींशी होत नाहीं, ती केवळ दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. हा दुसरा कोण, हें ठरल्यावांचून तें यंत्र सामान्य माणसाच्या उपयोगाचें आहे कीं नाहीं, ह्याचें उत्तर देतां येत नाहीं.

ह्या यंत्रांचा उगम दक्षिण कोरियांत झाला म्हणावयास हरकत नाहीं. तेथील गेम पार्क कंपनीनें २००१ सालीं जीपी३२ नांवाचें यंत्र काढलें, आणि स्वतः खेळ रचणाऱ्या हौशी मंडळींना त्यावर आपल्या आज्ञावली चालविण्याची वाट मोकळी ठेविली. पुढें त्या कंपनींतून वेगळ्या झालेल्या मंडळींनीं गेमपार्क होल्डिंग्ज ह्या नांवानें २००५ सालीं जीपी२एक्स हें लिनक्सवर चालणारें यंत्र बाजारांत आणलें. साडेतीन इंचांचा पडदा, मेमरी कार्डाची फट, आणि पाठीमागें दोन पेन्सिल सेल, असा त्याचा थाट होता. हौशी लोक त्यावर लुब्ध झाले. परंतु ज्यानें तें केवळ खेळण्यासाठीं घेतलें, त्याला पहिली ठेंच सेलांपाशींच लागे. दुकानांत सहज मिळणारे अल्कलाइन सेल घातले तर ते पाहतां पाहतां उतरत, आणि घेणारास वाटे कीं यंत्रच बिघडलेलें आलें. यंत्रांत दोष नव्हता. त्याची भूक मोठी होती, आणि तिला पुन्हां पुन्हां भरतां येणारे, अधिक धारणेचे, निकेलच्या जातीचे सेल लागत. ही गोष्ट अनुभवी मंडळींत सर्वश्रुत होती, नवख्याच्या कानांवर मात्र ती पैसे खर्च झाल्यानंतर पडे. तींत आणखी एक धोका असा, कीं यंत्राची मूळ आज्ञावली बदलून नवी भरीत असतां मध्येंच सेलांनीं दगा दिला, तर यंत्र जुन्या आज्ञावलीलाहि मुके आणि नव्यालाहि. असें निश्चेष्ट झालेलें यंत्र पुन्हां जिवंत करणें जाणत्यालाच साधे.

ह्याच हौशी मंडळींपैकीं कांहींच्या मनांत आलें, कीं आपणांस हवें तसें यंत्र आपणच कां बनवूं नये? त्यांतून पॅन्डोरा जन्मास आलें. लहानशा पेटीसारखें उघडणारें, आंत टंकलेखनासाठीं अक्षरांच्या कळा असलेलें, लिनक्सवर चालणारें हें यंत्र म्हणजे खेळणें आणि संगणक यांचा संयोगच होता. ३० सप्टेंबर २००८ रोजीं त्याची मागणी नोंदविण्यास आरंभ झाला. किंमत सुमारें ३३० डॉलर. ती रक्कम आगाऊ भरावयाची. पहिला घाणा चार हजार यंत्रांचा काढण्याचें ठरलें होतें, आणि यंत्रें थोडक्याच महिन्यांत हातीं पडतील अशी सर्वांची समजूत होती. प्रत्यक्षांत पहिलीं थोडीं यंत्रें मे २०१० मध्यें रवाना झालीं, आणि पुष्कळांना तर त्यानंतरहि दीर्घकाळ वाट पाहावी लागली. ह्या मंडळींत लबाडी होती असें नाहीं. घरीं बसून उत्तम आज्ञावली लिहिणें निराळें आणि कारखान्यांतून हजारों नग एकसारखे काढून घेणें निराळें, हें त्यांना काम हातीं घेतल्यावर उमगलें. पॅन्डोराचें पुढचें रूप जें पायरा, त्याची मागणी २०१६ सालीं नोंदविली जाऊं लागली, आणि पहिलीं यंत्रें बाहेर पडण्यास २०२० सालची अखेर उजाडली. हौशी माणूस ह्या विलंबाकडे सहकार्याच्या बुद्धीनें पाहतो, कारण त्या घडामोडींत तो स्वतःला सहभागी समजतो. वाढदिवसाची भेट म्हणून पैसे भरणाराच्या घरीं तोंवर मूल चार वर्षांनीं मोठें झालेलें असतें.

येथें एक खुलासा अवश्य आहे. ‘खुलें’ म्हणविलें जाणारें यंत्रहि आंतबाहेर खुलें असतें असें नाहीं. पॅन्डोरामधील चित्रें रेखाटणारा जो भाग होता, त्याला चालविणारी आज्ञावली मूळ उत्पादकाचीच होती आणि तिचें मूळ लिखाण बंदिस्तच होतें. म्हणून जाहिरातींतील हा शब्द वाचून सर्व कांहीं आपल्या, किंवा आपल्या ओळखीच्या तज्ज्ञाच्या, हातीं आलें असें समजूं नये.

आतां एक उलटें उदाहरण पाहावें. २००९ सालीं चीनमधून डिंगू ए३२० नांवाचें लहानसें यंत्र निघालें. त्याची जन्मतःची प्रणाली खुली नव्हती. पण तें खोक्यांतून काढून सुरू करावें आणि खेळावें, गाणीं ऐकावीं, चित्रपट पाहावा, इतकें तें सरळ होतें. पुढें हौशी मंडळींनीं त्यांत लिनक्स बसविण्याची युक्ति शोधून काढली. ज्याला ती खटपट करावयाची होती त्यानें केली. ज्याला नको होती त्याचें कांहींच अडलें नाहीं. कापड घेऊन स्वतः शिवण्याची मुभा असावी, पण तयार सदराहि दुकानांत टांगलेला असावा, हीच व्यवस्था साधारण कुटुंबाला मानवते.

अलीकडील स्वस्त चिनी यंत्रांत हीच व्यवस्था थोड्या निराळ्या रीतीनें झालेली दिसते. २०२१ च्या अखेरीस निघालेलें मियू मिनी हें त्यांतील एक नमुनेदार यंत्र. पडदा पावणेतीन इंचांहून किंचित् मोठा, आकार खिशांत मावेल एवढा. कारखान्यानें दिलेली प्रणाली जेमतेम कामचलाऊ. परंतु जगभरच्या स्वयंसेवकांनीं ओनियन, म्हणजे कांदा, अशा घरगुती नांवाची दुसरी प्रणाली तयार करून ती मोफत देऊं केली. खेळ जेथें सोडला तेथूनच पुन्हां सुरू होणें, यंत्र बंद केल्याबरोबर स्थिति जपली जाणें, असल्या सोयी तींत आहेत. ती बसविण्याची कृतिहि आतां बरीच सुलभ झाली आहे: मेमरी कार्ड संगणकाला जोडावें, विशिष्ट पद्धतीनें कोरें करावें, आणि उतरवून घेतलेल्या फायली त्यावर ठेवाव्या. ज्याला छायाचित्रें कॅमेऱ्यांतून संगणकावर घेतां येतात, त्याला हें अशक्य नाहीं. तरी जाणते लोक एक सूचना आवर्जून देतात. अशा यंत्राबरोबर आलेलें कार्ड पुष्कळदां हलक्या प्रतीचें असतें, आणि तें अचानक निकामी होऊन मुलानें महिनाभर जपलेली सर्व प्रगति धुऊन नेतें. चांगल्या नांवाच्या कंपनीचें दुसरें कार्ड त्याच दिवशीं घ्यावें, हा खर्च यंत्राच्या किंमतींतच धरणें शहाणपणाचें.

ह्यानंतरचा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि विक्रेते त्याबद्दल मौन पाळतात. हीं यंत्रें मुख्यतः चालतात तीं ‘एम्युलेटर’च्या बळावर. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राचें हुबेहूब सोंग घेणारी आज्ञावली. सोंग घेणें हा गुन्हा नव्हे. सोनी कंपनीनें कनेक्टिक्स ह्या कंपनीविरुद्ध चालविलेल्या दाव्यांत अमेरिकेच्या अपील न्यायालयानें २००० सालीं एम्युलेटर बनविणाराच्या बाजूनें निकाल दिला. परंतु त्या सोंगाला जे खेळ चारावयाचे, ते बहुधा कोणाच्या तरी मालकीचे असतात. ‘पांच हजार खेळ मोफत’ अशी जी चिठ्ठी खोक्यावर चिकटविलेली दिसते, त्या खेळांसाठीं मूळ कर्त्यांना कांहीं मिळालेलें असण्याचा संभव फारच थोडा. आपल्याकडेहि आज्ञावलीला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें संरक्षण आहे. विकत घेतलेल्या प्रतीची नष्ट होण्याच्या भीतीनें राखीव नक्कल करण्यास त्या कायद्यांत मोकळीक ठेविलेली आहे, दुसऱ्याच्या मालाची नक्कल विकण्यास नाहीं. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं १९९० नंतरच्या दशकांत दूरचित्रवाणी संचाला जोडण्याचें खेळयंत्र होतें, त्यांना ‘नऊ हजार नऊशें नव्याण्णव खेळ एका कॅसेटमध्यें’ ह्या घोषणेची आठवण असेलच. मोजूं गेल्यास दहा-पंधरा खेळ नांवें बदलून पुन्हां पुन्हां येत. त्या कॅसेटींचाच वंश आतां मेमरी कार्डावर येऊन बसला आहे.

प्रामाणिकपणें खेळावयाचें तर खुल्या यंत्रासाठीं चांगले खेळ नाहींतच, असें मात्र नाहीं. डूम ह्या प्रसिद्ध खेळाचें मूळ लिखाण त्याच्या कर्त्यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलें, आणि त्यावर चालणारीं चित्रें व नकाशे नव्यानें, मोकळ्या परवान्याखालीं, रचण्यांत आलेले आहेत. दाइसुके अमाया ह्या जपानी कलावंतानें एकहातीं रचलेला ‘केव्ह स्टोरी’ हा खेळ २००४ सालीं विनामूल्य प्रसिद्ध झाला, आणि तो अनेक छोट्या यंत्रांवर आणला गेला. ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा सैन्यें हलविण्याचा खेळ स्वयंसेवकांनींच वाढविलेला आहे. ही संपत्ति कमी नव्हे. पण ती शोधून, निवडून, यंत्रावर चढविणारा कोणी तरी घरांत असावा लागतो.

ह्या दोन टोंकांच्या मधली एक वाट वाल्व्ह ह्या अमेरिकन कंपनीनें २०२२ च्या फेब्रुवारींत स्टीम डेक आणून दाखविली. हें यंत्रहि लिनक्सवरच चालतें, आणि इच्छा असेल त्याला आंतील प्रणालीपर्यंत जातां येतें. परंतु तो भाग साधारणतः कुलुपबंद असतो, म्हणजे अजाणतेपणीं कांहीं मोडण्याचें भय थोडें. प्रत्येक खेळापुढें तो ह्या यंत्रावर निर्वेध चालतो, थोड्या अडचणीनें चालतो, कीं चालतच नाहीं, हें चिन्हानें दर्शविण्याची प्रथा कंपनीनें घातली. सुटे भाग अधिकृतपणें विकण्याचीहि सोय तिनें केली. पहारेकरी आहे, पण किल्ली घरमालकाच्या हातीं आहे, असा हा प्रकार. अर्थात् किंमत आरंभीं ३९९ डॉलर होती; स्वस्ताईसाठीं खुलें यंत्र शोधणाराचें समाधान ह्यानें होणार नाहीं.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशासाठीं, बंदिस्त यंत्रच बरें. त्यांना एका गोष्टीचें स्मरण देणें उचित होईल. निन्टेंडोनें आपल्या थ्रीडीएस ह्या यंत्राचें खेळ विकणारें दुकान मार्च २०२३ मध्यें बंद केलें. यंत्रें धडधाकट असूनहि त्या दुकानांतून नवा खेळ विकत घेण्याचा मार्ग खुंटला. उलट जीपी२एक्ससाठीं लिहिलेल्या कित्येक आज्ञावली, ती कंपनी बाजारांतून गेल्यानंतरहि, दुसऱ्या यंत्रांवर नांदत राहिल्या. कंपनी गेली म्हणजे बंदिस्त यंत्राचें भवितव्यहि तिच्याबरोबर जातें.

म्हणून घेण्यापूर्वीं घरच्यांनीं यंत्राच्या वेगाची किंवा खेळांच्या संख्येची चौकशी करण्याऐवजीं निराळ्याच गोष्टी विचाराव्या. कांहींहि न बदलतां तें पहिल्या दिवशीं चालतें काय? तें दुकानांत तयार आहे, कीं आगाऊ पैसे मागितले जात आहेत? बॅटरी बाहेर काढून बदलतां येते काय? त्यावर काम करणारी स्वयंसेवकांची मंडळी अद्याप जागी आहे काय, आणि तिच्या सूचना सामान्य माणसाला समजतील अशा भाषेंत लिहिल्या आहेत काय? ह्यांपैकीं पहिल्या दोहोंचें उत्तर समाधानकारक नसेल, आणि घरांत खटपट्या मनुष्य नसेल, तर तें यंत्र कितीहि स्वस्त असलें तरी घेऊं नये. आजोबांना नातवाबरोबर घटकाभर खेळावयाचें असेल तर बंदिस्त यंत्रच सोईचें.

मुलाला मात्र यंत्राच्या आंत डोकावण्याची उत्सुकता असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्यासाठीं आर्डुबॉयसारखें साधें यंत्रहि पुरे होतें. २०१५ सालीं लोकवर्गणींतून उभें राहिलेलें हें यंत्र बँकेच्या कार्डाएवढें असून त्याच्या काळ्यापांढऱ्या पडद्यावर आडवे १२८ आणि उभे ६४ एवढेच ठिपके असतात. त्यावर खेळण्यापेक्षां खेळ रचण्यांतच अधिक गोडी. आणि पहिल्याच दुपारीं, आईच्या किंवा मोठ्या बहिणीच्या मदतीनें, एक ठिपका कळ दाबल्याबरोबर डावीकडून उजवीकडे धावूं लागतो.