शंकर आबाजी भिसे : खिळ्यांच्या यंत्रामागची वीस वर्षे (लेखांक ७)

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. चौदाव्या वर्षी त्यांनी दगडी कोळशापासून वायू काढण्याचे उपकरण घरीच तयार केले. यंत्रशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांच्या वाट्याला आले नाही. ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकाचे अंक हीच त्यांची शाळा. पोटासाठी अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी होती; उरलेला सगळा वेळ यंत्रांचा. ‘विविध कलाप्रकाश’ हे मराठी मासिक काढून त्यांनी हे ज्ञान आपल्या भाषेतही आणले. इंग्रजी येणाऱ्या मूठभरांपुरते ते राहू नये ही त्यांची तळमळ त्यातून दिसते.

१८९७ मध्ये लंडनच्या एका नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली. ठरावीक वजनाचा माल आपोआप मोजून देणाऱ्या यंत्राचा आराखडा हवा होता. मुरबाडच्या बाजारात किंवा म्हसा यात्रेत तराजूने माल मोजताना पाहिले की या कोड्याची अडचण कळते. दुकानदार मापाने साखर पारड्यात ओततो, काटा झुकतो, मग चिमटीने थोडी काढतो, पुन्हा चिमूटभर टाकतो. ही शेवटची चिमूट यंत्राने ओळखायची होती. इंग्रज स्पर्धकांना मागे टाकून भिसे यांनी बक्षीस मिळवले. मुंबईतल्या हितचिंतकांनी त्यांना विलायतेला जाण्यासाठी मदत केली आणि दिनशा वाच्छा यांनी दादाभाई नौरोजींच्या नावे पत्र दिले. लंडनमध्ये दादाभाईंचा आधार मिळाला.

तिथे विजेवर चालणाऱ्या जाहिरातीच्या यंत्रापासून घरगुती उपकरणांपर्यंत त्यांनी बरेच काही केले. पण त्यांचे आयुष्य व्यापले ते छपाईचे खिळे ओतण्याच्या यंत्राने.

खिळा म्हणजे एका टोकाला उलटे अक्षर असलेली धातूची बारीक कांडी. शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस साच्यात ओतून ती करतात. एकट्या शिशाचा खिळा लवकर दबतो. अँटिमनीने तो कठीण होतो, कथिलाने रस साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट शिरतो. साच्यातून निघालेल्या खिळ्याला ओतीची शेपटी असते. ती मोडायची, कडा घासायच्या, सगळ्यांची उंची सारखी करायची. एखादा खिळा केसभर बुटका राहिला तरी ते अक्षर कागदावर पुसट उठते. मागच्या लेखांकात आलेले ‘निर्णयसागर’ छापखान्याचे जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात हेच खिळे घासण्याच्या कामावर होते. देवनागरीला तर काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरून शेकड्यांनी वेगवेगळे खिळे लागतात. शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका ऑफसेटवर निघू लागण्यापूर्वी त्या अशाच खिळ्यांनी, एकेक अक्षर जुळवून छापल्या जात.

त्या काळी या क्षेत्रात दोन यंत्रांचा दबदबा होता : जर्मनीतून अमेरिकेत आलेले घड्याळजी ओटमार मर्गेनथेलर यांचे लायनोटाइप आणि टॉलबर्ट लॅन्स्टन यांचे मोनोटाइप. मोनोटाइप एका वेळी एकच खिळा ओते. भिसे यांनी एकाच दमात अनेक वेगवेगळे खिळे ओतणारी रचना केली. मिनिटाला १२०० खिळे हा त्यांचा दावा होता. मूळ कल्पना एकदा सुचून जाते. पण इतक्या साच्यांत रस एकाच वेळी, एकाच तापमानाला पोचवणे हे कारागिराचे काम आहे, आणि भिसे यांची खरी थोरवी तिथे आहे.

यंत्र बाजारात आणायला मात्र भांडवल लागते. ब्रिटिश समाजवादी नेते हिंडमन यांनी पैसा उभा करण्याचे मनावर घेतले, पण ते जमले नाही. १९०८ च्या अखेरीस भिसे मुंबईला परतले. गोपाळ कृष्ण गोखले यांच्यामार्फत रतन टाटांशी संबंध आला (हे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव) आणि १९१० मध्ये टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट स्थापन झाली. पुन्हा लंडन, पुन्हा यंत्रात सुधारणा. तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटले आणि सिंडिकेटचा कारभार आटोपला.

१९१६ च्या सुमारास, पन्नाशीला टेकलेले भिसे अमेरिकेत गेले. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी त्याच यंत्राचे आणखी सोपे रूप, ‘आयडियल टाइप कास्टर’, सिद्ध केले आणि त्यासाठी कंपनीही उभी केली. लंडनमध्ये जे अडले ते अखेर अमेरिकेत पुढे सरकले. आयोडीनयुक्त ‘अॅटोमिडीन’ हे औषधही त्यांचेच. त्यांना ‘भारताचे एडिसन’ म्हणण्याची रीत पडली. त्या नावाखाली खिळ्यांच्या यंत्रावरची चिकाटी झाकली जाते. खुद्द एडिसन यांची आणि त्यांची भेट झाली ती १९३० च्या डिसेंबरात.

शोध सुमारे दोनशे, त्यांपैकी चाळीसएक पेटंट घेतलेले, एवढा पसारा मागे ठेवून ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.