तारेचं टोक विसकटू नये म्हणून

सायकलच्या ब्रेकची आतली तार साधारण १.५ मिलिमीटर जाडीची, गिअरची १.१ ते १.२ मिलिमीटर. दोन्ही बारीक पोलादी धाग्यांना पीळ देऊन बनतात. पीळ एकदा सुटला की तार कव्हरमध्ये पुन्हा ओवता येत नाही, आणि सुटे धागे बोटात सुईसारखे घुसतात.

• कापण्याचं हत्यार : साधी पक्कड तार चेपते, त्यातून पीळ उलगडतो. चारही बाजूंनी तार वेढून कापणारा केबल कटरच वापरा.

• कापण्याची वेळ : तार कव्हरमधून ओवून, ती पकडणारा बोल्ट आवळून, ब्रेक किंवा गिअर नीट जुळवल्यावरच कापा. बोल्टपुढे ४-५ सेंटीमीटर तार राखा. पुढच्या दुरुस्तीत ती धरायला लागते.

• टोपी : कापल्याबरोबर टोकावर ॲल्युमिनियमची टोपी बसवून पकडीने दाबा. किंमत नगण्य, काम मोठं.

• टोपी नसेल तर : टोकावर फेव्हिक्विकचा थेंब सोडून वाळू द्या. सोल्डरही चालतं, मात्र स्टेनलेस तारेला ॲसिड फ्लक्स लागतो, साध्या फ्लक्सने सोल्डर धरत नाही.

• आधीच विसकटली असेल तर : धागे पिळाच्याच दिशेने हलकेच वळवून टोपी घाला.

सावधान : बोल्टजवळ किंवा ब्रेकच्या मुठीपाशी एकही धागा तुटलेला दिसला, तर टोपी हा उपाय नव्हे. तार लगेच बदला.