पुळणी, बेटांवरील (जलतरण व स्नॉर्केलिंग)

पुळणी, बेटांवरील : बेटांच्या काठी लाटा व प्रवाह यांनी आणून टाकलेल्या वाळूचे पट्टे. उष्ण कटिबंधातील अशा पुळणी पोहण्यासाठी व स्नॉर्केलिंगसाठी (तोंडात श्वासनलिका धरून व डोळ्यांवर काचेचा मुखवटा लावून, पाण्यावर पालथे तरंगत समुद्रतळ पाहणे) प्रसिद्ध आहेत. पुळणीचे सौंदर्य आणि पाण्यात उतरण्याच्या दृष्टीने तिची योग्यता या मात्र दोन निराळ्या गोष्टी होत. छायाचित्रात वाळू, माड व पाण्याचा निळा रंग दिसतो; पाण्याची ओढ, तळाचा उतार आणि भरती-ओहोटीचा पल्ला दिसत नाही. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः अंदमान व लक्षद्वीप या भारतीय द्वीपसमूहांच्या आधारे पुळणीच्या निवडीचा विचार केला आहे.

वाळू व प्रवाळ : कोकणातील पुळणींची वाळू बहुधा करडी वा तपकिरी असते. प्रवाळबेटांवरील वाळू पांढरी असण्याचे कारण ती खडकांच्या झिजेतून नव्हे, तर सजीवांच्या अवशेषांतून तयार होते. मोडलेले प्रवाळ, शिंपल्यांचा चुरा, चुनायुक्त शैवले आणि सूक्ष्म प्राण्यांची कवचे यांचा तीत समावेश असतो. पोपटमासा प्रवाळावरील शैवल खरवडून खाताना खडकही चावतो व त्याचे पीठ करून विष्ठेवाटे बाहेर टाकतो; अनेक बेटांवरील वाळूचा मोठा भाग असा माशाच्या पोटातून आलेला असतो. पोपटमाशांची बेसुमार मासेमारी झाल्यास पुळणीला होणारा वाळूचा पुरवठाही घटतो, तो यामुळेच.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रवाळाला वाढीसाठी कठीण तळ व गाळविरहित पाणी लागते. ज्या किनाऱ्यावर लाटा वाळू सतत ढवळतात तेथे प्रवाळ टिकत नाही. परिणामी रुंद, मऊ व निर्वेध वाळूची पुळण पोहण्यास उत्तम असली, तरी तेथे पाण्याखाली पाहण्यासारखे फारसे नसते. उलट जेथे प्रवाळ समृद्ध असतो तेथील काठ अरुंद, खडकाळ व पोहणाऱ्याला गैरसोयीचा असतो. एकाच पुळणीवर दोन्ही सुखे मिळतील ही अपेक्षा सहसा फोल ठरते. अंदमानातील स्वराज द्वीप (२०१८ पूर्वीचे नाव हॅवलॉक) हे याचे चांगले उदाहरण आहे. पश्चिम किनाऱ्यावरील राधानगर पुळण सु. २ किमी. लांब असून तिच्यामागे उंच वृक्षांचे दाट जंगल थेट वाळूपर्यंत आले आहे. तळाचा उतार मंद व वाळू बारीक आहे. २०२० मध्ये तिला ब्ल्यू फ्लॅग हे आंतरराष्ट्रीय मानचिन्ह मिळाले. स्नॉर्केलिंगसाठी मात्र प्रवासी वायव्येकडील एलिफंट बीचवर जातात. तेथे नावेने किंवा जंगलातील पायवाटेने पोहोचता येते. वाळू थोडीच असून प्रवाळ काठापासून जवळ आहे. याच बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील पुळणी भरतीच्या वेळी शांत सरोवरासारख्या भासतात, पण ओहोटीला पाणी बरेच दूर हटून मृत प्रवाळाचे धारदार खडक उघडे पडतात. सकाळी पाहिलेली पुळण दुपारी ओळखू येऊ नये, असा हा पालट असतो. म्हणून अंदमानात पुळण निवडण्याआधी त्या दिवसाची भरतीची वेळ विचारणे अधिक शहाणपणाचे होय.

खारकच्छ : लक्षद्वीपची रचना याहून वेगळी आहे. येथील बहुतेक बेटे कंकणद्वीपांच्या पूर्व कडेवर वसली असून त्यांच्या पश्चिमेस प्रवाळभित्तीने वेढलेले उथळ पाणी, म्हणजे खारकच्छ, आहे. सर्व बेटांची मिळून जमीन केवळ सु. ३२ चौ. किमी. आहे, तर खारकच्छांचे क्षेत्र सु. ४,२०० चौ. किमी. भरते. समुद्राकडून येणारी लाट बाहेरील भित्तीवर फुटते व आतील पाणी बव्हंशी संथ राहते. नवशिक्या पोहणाऱ्यासाठी भारतात याहून सोयीची जागा क्वचितच असेल. कडमत व मिनिकॉय येथील प्रत्येकी एका पुळणीस २०२२ मध्ये ब्ल्यू फ्लॅग मिळाला. अगत्ती, बंगारम व कडमत येथे खारकच्छात प्रवाळाचे विखुरलेले गड्डे, त्यांभोवती माशांचे थवे आणि कोठे कोठे सागरी गवत चरणारी हिरवी कासवे दिसतात. अंद्रोथ हे मोठे बेट असूनही त्याला जवळजवळ खारकच्छच नाही. त्यामुळे या दृष्टीने ते मागे पडते. बेटांच्या पूर्व बाजूला प्रवाळाचा सपाट कट्टा अरुंद असून त्यापलीकडे समुद्र एकदम खोल होतो, तेव्हा तेथे अनुभवी सोबत्याशिवाय उतरू नये. या बेटांवर जाण्यास प्रवेश-परवाना लागतो. गोड्या पाण्याचा साठा वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या पातळ थराच्या रूपात असतो. प्रवाशांची संख्या वाढविण्याचा विचार करताना पुळणीच्या लांबीपेक्षा हा थरच अधिक महत्त्वाचा ठरतो.

ऋतुमान : लक्षद्वीपसाठी ऑक्टोबर ते मेचा पूर्वार्ध आणि अंदमानसाठी साधारणपणे डिसेंबर ते एप्रिल हा काळ अनुकूल असतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात दोहोंकडे समुद्र खवळलेला व पाणी गढूळ असते. वाऱ्याकडे तोंड असलेला व आडोशाचा असे बेटाचे दोन किनारे असल्याने एका बाजूला लाटा उसळत असताना दुसरी बाजू शांत असू शकते. हवाई बेटांत उत्तर किनाऱ्यांवर हिवाळ्यात प्रचंड लाटा येतात, मात्र उन्हाळ्यात तेथेच अनेक ठिकाणी संथपणे पोहता येते. दिवसातील वेळ म्हणून सकाळ बरी. वारा पडलेला असतो आणि सूर्य थोडा वर आल्यावर प्रकाश तळापर्यंत पोहोचतो. तांबडा रंग पाण्यात पाच-दहा मी. खोलीतच शोषला जात असल्याने प्रवाळाचे खरे रंग उथळ पाण्यातच दिसतात. या बाबतीत पृष्ठावर तरंगणारा हा खोल बुडी मारणाऱ्यापेक्षा अधिक भाग्यवान म्हणावा लागेल.

साधने : मुखवट्यात नाक झाकले जाणे आवश्यक असते. मुखवट्यातून पाहताना अपवर्तनामुळे वस्तू सु. एक-चतुर्थांशाने जवळ व एक-तृतीयांशाने मोठ्या भासतात. माशाच्या आकाराविषयी प्रवासी सांगतात त्या हकीकती यामुळे काही अंशी क्षम्य ठरतात. श्वासनलिका सु. ४० सेंमी.हून लांब असू नये. नलिका लांब केल्यास उच्छ्वासाची हवा तिच्यातच राहून पुन्हा आत घेतली जाते. शिवाय पाण्याखाली केवळ एक मीटरवर छातीवर वातावरणाच्या सु. एक-दशांश इतका जादा दाब पडतो व श्वास घेणे दुष्कर होते. पायांत रबरी पर घातल्यास वेग वाढतो, परंतु त्यांच्या फटक्याने प्रवाळ मोडतो.

धोके : सर्वांत मोठा धोका प्राण्यांचा नसून पाण्याच्या ओढीचा असतो. लाटांनी प्रवाळभित्तीवरून आत टाकलेले पाणी भित्तीतील खिंडींतून समुद्राकडे परतते आणि ओहोटीच्या वेळी ही धार अतिशय जोरदार होते. आजूबाजूला फेस असताना मध्येच दिसणारा गडद, गुळगुळीत पट्टा नवख्यास सुरक्षित वाटतो. वस्तुतः तीच पाणी बाहेर नेणारी वाट असते. अशा धारेत सापडल्यास तिच्याविरुद्ध न झगडता काठाला समांतर पोहून बाजूला निघावे. पोहण्यास आरंभ प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने करावा, म्हणजे थकल्यावर परतीला प्रवाहाचे साहाय्य मिळते. स्नॉर्केलिंग करणारा पालथा व स्तब्ध दिसत असल्याने तो संकटात आहे हे काठावरून कळत नाही. यासाठी जोडीने उतरणे इष्ट होय. हृदयविकार असलेल्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. अंदमानात खाऱ्या पाण्यातील मगरींचीही दखल घ्यावी लागते. २०१० मध्ये राधानगर पुळणीलगतच्या छोट्या उपसागरात स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. खाड्यांची मुखे व खारफुटीलगतचे पाणी टाळावे आणि तेथे लावलेल्या सूचना गांभीर्याने घ्याव्यात.

प्रवाळाची स्थिती : जुन्या प्रवासवर्णनांवरून पुळण निवडणे आता धोक्याचे झाले आहे. डिसेंबर २००४ च्या भूकंपात अंदमानच्या उत्तर भागातील किनारे उचलले गेले व उघडे पडलेले प्रवाळ मेले. दक्षिणेकडील जमीन खचली. समुद्राचे तापमान वाढल्याने प्रवाळातील सहजीवी शैवले निघून जातात व तो पांढरा पडतो. अशा विरंजनाचे मोठे तडाखे लक्षद्वीपला १९९८, २०१० व २०१६ मध्ये बसले आणि २०२४ मध्येही तेथे तीव्र विरंजन आढळले. मृत प्रवाळ कालांतराने ढासळतो व लाटा अडविणारी भित्ती दुबळी होते. म्हणजे हानी केवळ दृश्याची नसून खुद्द बेटाचीही असते. बंगारम कंकणद्वीपातील परळी-१ हे निर्जन बेट पूर्णपणे झिजून गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रवाशांची गर्दी हे दुसरे कारण आहे. थायलंडमधील माया बे हा उपसागर एका चित्रपटामुळे इतका लोकप्रिय झाला, की २०१८ मध्ये तो बंद करावा लागला. जानेवारी २०२२ मध्ये तो पुन्हा खुला झाला तेव्हा पोहण्यास मनाई ठेवण्यात आली. हवाईतील हानाउमा बे (ज्वालामुखीच्या विवरात समुद्र शिरून झालेला उपसागर) १९६७ पासून संरक्षित आहे. प्रवाळास अपायकारक मानलेली दोन रसायने असलेल्या सूर्यरोधक मलमांच्या विक्रीवर हवाई राज्याने १ जानेवारी २०२१ पासून बंदी घातली. अंगभर सुती वा लवचिक सदरा घालून उतरणे हा त्यावर साधा उपाय आहे. अंदमानात वंडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात (स्थापना १९८३) जॉली बॉय व रेड स्किन ही बेटे ऋतुमानानुसार आलटूनपालटून खुली ठेवतात आणि तेथे प्लॅस्टिक नेण्यास मनाई आहे. ही शिस्त प्रवाशांना जाचक वाटली, तरी तेथील प्रवाळ पाहता तिची आवश्यकता पटते.

महाराष्ट्रात मालवण येथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील खडकांवर काही प्रवाळ आढळतात. हा भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला असून तेथे स्थानिक लोक पर्यटकांना नावेतून नेऊन स्नॉर्केलिंग करवितात. नद्यांच्या गाळामुळे पाण्याची पारदर्शकता प्रवाळबेटांच्या तुलनेत कमी असते. पावसाळ्यात हा व्यवसाय बंद राहतो.