आकडा खरा, पण कोठला?

दूरदर्शनच्या पडद्यावर क्रिकेटचा सामना चालू असता चेंडू टाकला जाताच कोपऱ्यात त्याचा वेग झळकतो, आणि आपण घरी बसून त्यावर निःशंक विश्वास ठेवतो. अमेरिकेत सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींच्या बाबतीत मात्र असा आकडा निव्वळ कौतुकाचा उरत नाही. महाविद्यालयीन संघासाठी मुली निवडताना प्रशिक्षक पिचरचा वेग पाहतात. त्यात शिष्यवृत्तीचाही प्रश्न गुंतलेला असतो. तेव्हा वेग मोजणारी ती रडार गन कितपत भरवशाची, हे पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

तत्त्व जुनेच. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी चढ्या स्वरात आणि दूर जाणारीची उतरत्या स्वरात ऐकू येते, त्यामागील नियम ख्रिस्तियन डॉप्लर यांनी १८४२ साली मांडला. गन चेंडूवर रेडिओलहरी सोडते आणि परतलेल्या लहरींच्या कंपनसंख्येत पडलेल्या फरकावरून वेग काढते. पोलिसांचे हे यंत्र १९७४ च्या सुमारास बेसबॉलच्या मैदानावर आणण्याचे श्रेय मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅनी लिटव्हिलर यांना देतात.

घोटाळा बहुधा होतो तो गन धरणाऱ्याच्या जागेमुळे. यंत्राला केवळ आपल्या रोखाने येणारा वेग कळतो. समजा, एखाद्या मुलीचा चेंडू ताशी ६२ मैलांचा आहे. तिचे वडील कॅचरच्या नेमके पाठीमागे, जाळीआड उभे राहिले तर ६२ दिसतील. रेषेपासून १० अंश बाजूला सरकले तर ६१, २० अंशांवर ५८. आणि कडेच्या बाकावर बसून ३० अंशांतून नेम धरला तर जेमतेम ५४! कोनाची ही चूक वेग नेहमी कमीच दाखविते, जास्त कधीच नाही. मुलगी बिचारी घाम गाळून थकते आणि आठ मैल खातो तो बाक.

दुसरी गोष्ट क्षणाची. सॉफ्टबॉलचा चेंडू १२ इंच परिघाचा, बेसबॉलहून चांगलाच मोठा. हवा त्याला अडविते. महाविद्यालयीन मुलींच्या खेळात पिचर ४३ फुटांवरून चेंडू फेकते, आणि तेवढ्या वाटेतही तो सुमारे आठ-दहा टक्के वेग गमावतो. हातातून सुटताना ६२ असलेला चेंडू होमप्लेटपाशी ५६-५७ वर येतो. चांगली गन सुटतानाचा वेग टिपते. कमी पल्ल्याची स्वस्त गन तोच चेंडू जवळ आल्यावर पकडते. दोन्ही आकडे खरेच, पण निरनिराळ्या जागचे. नोलन रायन या बेसबॉलपटूचा १९७४ मधील ताशी १००.९ मैलांचा चेंडू होमप्लेटच्या जवळ मोजला होता. आजच्या आकड्यांशी त्याची थेट तुलना जाणकार करीत नाहत, ती याचमुळे.

काही गनांबरोबर एक नादकाटा मिळतो. तो वाजवून गनेसमोर धरला की ठराविक आकडा यावयास हवा. त्याने यंत्राची प्रकृती कळते. कोन आणि क्षण यांची जबाबदारी माणसाचीच.

मोनिका ॲबट यांनी २०१२ मध्ये ताशी ७७ मैलांचा चेंडू फेकला; २०२५ मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या कार्लिन पिकन्स ७९.४ पर्यंत पोहोचल्या. घरच्या मुलीच्या वहीत एवढे मोठे आकडे नसतील. पण गन तीच, जागा तीच ठेवून महिन्यामहिन्याला नोंद केली, तर यंत्र दोन मैल कमी दाखवीत असले तरी तिची प्रगती वहीत बिनचूक उमटते.